लादी ओली आहे, पण पाणी कुठलं?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं ओलीबद्दल आहेत. बहुतेकांनी विचारलंय, “कुठलं केमिकल मारू?” डबा नंतर. आधी पाणी कुठून येतंय ते ठरवा: जमिनीतून वर चढतंय, हवेतून लादीवर बसतंय, की गटारातून दाबाने आत घुसतंय. तिन्हींची औषधं वेगळी आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

प्रश्न : गोराई गावात स्वतःच्या जागेवर घर बांधतोय. जोतं दीड फूट उंच आहे, आत मुरूम भराई चालू आहे. मोठी खोली १२ बाय १५ फुटांची. पावसात विहिरीचं पाणी जमिनीपासून हातभर खाली असतं. मिस्त्री म्हणतो, कोब्यात वॉटरप्रूफिंगचं लिक्विड टाकलं की बास. व्हिडिओत जमिनीखाली जाड शीट टाकताना दाखवतात, ते इथे टाकावेत का? थर कसे आणि माल किती? — श. प., गोराई

उत्तर : लिक्विड टाकायला हरकत नाही. ५० किलोच्या गोणीला साधारण २०० मिली, डब्यावर लिहिलंय तेवढंच. पण ते कॉंक्रीटला पाणी कमी प्यायला लावतं, तडा थांबवत नाही, आणि जमिनीवरच्या चार इंचाच्या कोब्याला आज ना उद्या बारीक तडा जातोच. ओल त्या तड्यातून वर येते. ती अडवायला दोन गोष्टी लागतात, खाली मोकळा दगड आणि त्याच्यावर अखंड प्लास्टिक.

मुरूम तयार लादीच्या पातळीपासून १७ इंच खाली थांबवा. हिशेब असा: सोलिंग (उभ्या दगडांचा थर) ९ इंच, पातळ कॉंक्रीट २ इंच, मुख्य कॉंक्रीट ४ इंच, मसाला आणि लादी २ इंच. तुमचं जोतं १८ इंच आहे (राष्ट्रीय बांधकाम संहितेतली किमान उंचीही ४५ सेंमीच आहे), म्हणजे सोलिंगचा तळ बाहेरच्या जमिनीच्या किंचित वर राहतो. हे फार महत्त्वाचं आहे. सोलिंग बाहेरच्या जमिनीखाली गेलं तर दगडांमधल्या पोकळ्या पावसात पाण्याने भरतात आणि सोलिंगचा उपयोग संपतो.

मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत टाका, पाणी मारा, धुम्मस करा. भराईत पाडकामाचं डेब्रिज येऊ देऊ नका. त्यातल्या पीओपीतून सल्फेट निघतं आणि ते सिमेंट पोखरतं, लाकडाच्या तुकड्यांना वाळवी लागते. काळी माती तर नकोच, ती ओली झाली की फुगते आणि सुकली की बसते. मुरुमाच्या सपाट पृष्ठभागावर वाळवीचं औषध चौरस मीटरला ५ लिटर या दराने ओता. तुमच्या खोलीला सुमारे ८४ लिटर द्रावण लागेल. फवारा मारून पृष्ठभाग भिजवला म्हणजे झालं, असं नाही. द्रावण मोजून संपवायचं आहे.

मग सोलिंग. ९ इंची रबल हाताने उभे लावा, मधे कपच्या ठोका. १८० चौरस फुटांना १३५ घनफूट, म्हणजे सव्वा ते दीड ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट) दगड. इथे एक चूक मुंबईत सर्रास होते: सोलिंगच्या फटी मुरुमाने किंवा कचने (दगडाच्या भुकटीने) भरतात, वर पाणी मारून ते आत उतरवतात. दिसायला भरीव दिसतं, पण बारीक मातीतल्या केसासारख्या वाटांमधूनच पाणी वर चढतं. दगडांमधल्या मोठ्या पोकळीतून ते चढू शकत नाही. फटी भरायच्या तर अर्धा इंची धुतलेल्या खडीने भरा, वरचा थर त्यानेच सपाट करा.

त्यावर १:४:८ चं (सिमेंट, रेती, खडी या प्रमाणात) दोन इंच कॉंक्रीट. ३ गोण्या सिमेंट, १४ घनफूट क्रश सँड, २८ घनफूट खडी. हे ताकदीसाठी नाही, प्लास्टिक फाटू नये म्हणून आहे, तेव्हा थापीने गुळगुळीत करा. एकही खडी टोक वर करून राहता कामा नये.

प्लास्टिक २५० मायक्रॉनचं, नव्या दाण्याचं. रिसायकल केलेला काळा कागद सूर्यप्रकाशात धरला तर टाचणीएवढी भोकं दिसतात. दुकानदार जाडी सांगेल ती मानू नका, वजन करा. एक मीटर बाय एक मीटर तुकडा सुमारे २३० ग्रॅम भरला पाहिजे. १५० भरला तर माल १६० मायक्रॉनच्या आसपासचा आहे. जोडावर एक फूट चढाव द्या आणि ब्यूटिल टेपने चिकटवा, साधी खाकी टेप दमट हवेत सुटते. चारही बाजूंनी जोत्याच्या आतल्या अंगाने फूटभर वर चढवून डीपीसीच्या (जोत्यावर भिंतीखाली घातलेल्या ओलरोधक थराच्या) डांबराला चिकटवा. हा जोड राहिला तर ओल जमिनीऐवजी भिंतीच्या कडेने वर येते, आणि मग सगळे प्लास्टिकला दोष देतात. पाइप जिथून वर येतो तिथे प्लास्टिकला फुलीसारखा छेद द्या, पाकळ्या पाइपला टेपने बांधा. चढाव आणि जोड धरून २५० ते २६० चौरस फूट, म्हणजे साडेपाच-सहा किलो माल लागेल. सगळ्या थरांत हा थर सर्वांत स्वस्त, आणि वगळला जातो तोही हाच.

मुख्य कॉंक्रीट १:२:४, चार इंच. ११ गोण्या, २६-२७ घनफूट क्रश सँड, ५३ घनफूट खडी. खडीत २० मिमी आणि १० मिमी साधारण ६०:४०. गोणीला २५ लिटरपेक्षा जास्त पाणी नको, रेती ओली असेल तर त्याहून कमी. खाली प्लास्टिक असल्यामुळे जास्तीचं पाणी जमिनीत जात नाही, ते वर येतं. मिस्त्री घाईने त्यावर कोरडं सिमेंट शिंपडून थापी मारतात आणि महिन्याभराने वरची साय सुटते. पाणी आपोआप जिरेपर्यंत थांबा, मग घोटा. दुसऱ्या दिवशी १५ फुटांच्या मध्यावर एक इंच खोल कट मारा. तडा जायचाच असेल तर तिथे जाईल. किमान दहा दिवस पाणी मारा, गोणपाट अंथरून.

आता त्या शीटबद्दल. थंड मुलखात जमीन घराची ऊब ओढून घेते, म्हणून तिथे लादीखाली उष्णतारोधक शीट टाकतात. मुंबईचं वर्षभराचं सरासरी तापमान २७ अंशांच्या आसपास, आणि काही फुटांखालची जमीन जवळपास तेवढ्यावरच राहते. मे महिन्यात खोली ३३-३४ अंशांवर असताना पायाखालची लादी गार लागते ती याचमुळे. हा गारवा पैसे देऊन तोडू नका. शीटचा पैसा गच्चीसाठी ठेवा.

प्रश्न : चारकोपला वर्ल्ड बँक योजनेतलं बैठं घर. दरवर्षी जूनच्या सुरुवातीला सगळी लादी ओलीचिंब होते, पुसली की तासाभरात परत. जुलैत कमी होतं. एकाने लादी उखडून वॉटरप्रूफिंग करायचा दर दिला आहे. — मी. सा., चारकोप

उत्तर : आत्ता काही उखडू नका. आधी एक चाचणी करा. दीड फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक लादीवर ठेवून चारही कडा टेपने पक्क्या बंद करा आणि एक रात्र ठेवा. सकाळी पाणी प्लास्टिकच्या खालच्या अंगाला असेल तर ओल जमिनीतून येतेय. प्लास्टिकखाली कोरडं आणि वरून ओलं असेल तर ते हवेतलं पाणी आहे. चाचणी लादीच्या दोन-तीन सांध्यांवर येईल अशी करा, चकचकीत लादीच्या मधोमध नाही, कारण व्हिट्रिफाइड टाइलमधून ओल येत नाही, सांध्यातून येते.

तुमच्या वर्णनावरून हा हवेचाच प्रकार वाटतो. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात हवा ३२ अंश आणि दमटपणा ८० टक्के असेल तर २८ अंशांहून गार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरतं. लादी २७ वर असते. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो तसाच हा. जुलैत पावसाने हवा दोन-तीन अंशांनी उतरते, मग थांबतं.

उपाय साधे आहेत. सकाळी वारा दमट आणि गरम असेल तेव्हा समुद्राकडच्या खिडक्या उघड्या टाकू नका. पंखा चालू ठेवा, त्याने लादी हवेच्या तापमानाला लवकर येते. एसी असेल तर ड्राय मोडवर तास-दोन तास. गाद्या, ट्रंका, तांदळाची पिंपं थेट लादीवर नकोत, दोन-तीन इंच उचलून ठेवा.

आणि खडे मिठाच्या पाण्याने लादी पुसत असाल तर जूनपुरतं थांबवा. दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं. ज्या लादीवर मिठाचा थर आहे ती दव धरण्याआधीच ओली होते. साध्या पाण्याने दोनदा पुसून हा थर काढला तरी फरक दिसेल.

लादीखाली उष्णतारोधक थर असता तर हा घाम कमी झाला असता, हे खरं. पण पंधरा दिवसांच्या पुसण्यासाठी मार्च ते मे महिन्यांचा गारवा घालवणं हा तोट्याचा सौदा आहे.

प्रश्न : रस्ता दोनदा काँक्रीटचा झाला, आता आमची लादी रस्त्यापेक्षा ९ इंच खाली आहे. मोठ्या पावसात लादीच्या सांध्यांतून पाणी वर येतं, मोरीतूनही. छत १० फुटांवर आहे. ठेकेदार म्हणतो, लादीवरून एपॉक्सी कोटिंग मारू. — र. ज., विक्रोळी

उत्तर : कोटिंग मारू नका. पाणी खालून दाब देतंय आणि कोटिंग वरून चिकटवलेलं आहे, त्यामुळे ते फुगून पापड्या निघतील. दाब किती ते बघा: बाहेर लादीपेक्षा एक फूट पाणी वर असेल तर लादीला खालून चौरस मीटरला सुमारे ३०५ किलोचा रेटा बसतो. चार इंची कॉंक्रीटचं स्वतःचं वजन २४५ किलोच्या आसपास. म्हणजे कोबाच उचलला जाऊ शकतो, तिथे कोटिंगची काय कथा.

पहिलं आणि स्वस्त काम मोरीचं. पुढच्या पावसात मोरीच्या जाळीवर ओली माती भरलेली पिशवी दाबून ठेवा आणि बघा, किती पाणी थांबतं. बऱ्याच घरांत निम्म्याहून जास्त पाणी गटारातूनच उलटं येत असतं. चेंबरकडे जाणाऱ्या पाइपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, तो उघडून साफ करता येईल अशा जागी. केस आणि कचरा अडकला की त्याची झडप उघडीच राहते, म्हणून मे महिन्यात एकदा खोलून धुवा.

सांध्यांतून येणाऱ्या पाण्यावर खरा उपाय म्हणजे लादी वर घेणं. तुम्हाला एक फूट घेता येईल. मग ९ फूट उंची उरते, राहत्या खोलीला संहितेत २.७५ मीटर म्हणजे तेवढीच लागते. छताला हात लावायचा विचार असेल तर आधी पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात परवानगीचं विचारून घ्या.

क्रम असा. जुनी लादी राहू द्या. भिंतींचा गिलावा जुन्या लादीपासून दोन फुटांपर्यंत काढा, विटांवर सिमेंट-अॅक्रिलिकचं दोन घटकांचं वॉटरप्रूफिंग दोन हात आडवे-उभे मारा. हे आधी. भराव झाल्यावर मारायला जागा उरत नाही, आणि भरावाची ओल थेट विटांत जाते. मग ४० मिमीची धुतलेली खडी ५ इंच, त्यावर दीड इंच पातळ कॉंक्रीट, प्लास्टिक, साडेतीन इंच कॉंक्रीट, दोन इंचांत मसाला आणि लादी. एकूण १२. प्लास्टिक भिंतीवर चढवून नव्या लादीच्या वर दोन-तीन इंच येऊ द्या, स्कर्टिंगमागे झाकलं जाईल. पाणी रस्त्याच्या पातळीला आलं तरी आता प्लास्टिकवर अडीच इंचांचाच दाब येतो, चौरस मीटरला ६५ किलोंच्या आत, आणि वरचं कॉंक्रीट २१० किलोंच्या पुढे. हे उचललं जात नाही. एका कोपऱ्यात खडीपर्यंत ४ इंची पाइप उभा ठेवा, खालचं टोक भोकं पाडलेलं, वर घट्ट झाकण. पाइपभोवती प्लास्टिक टेपने बांधायला विसरू नका. खडीत साचलेलं पाणी छोट्या पंपाने तिथून उपसता येतं.

एक परिणाम आधीच सांगून ठेवतो: भिंतीच्या तळाचं पाणी पूर्वी आत वाळत होतं, ते कोटिंगने बंद झालं की वर सरकेल. म्हणून नव्या लादीच्या वरच्या पहिल्या आडव्या सांध्यात १२ मिमीची भोकं १२ सेंमी अंतरावर पाडून त्यात सिलेन क्रीम (भिंतीत मुरून ओल अडवणारं मलम) भरा. नऊ इंची भिंतीत भोक पलीकडच्या बाजूला ४ सेंमी शिल्लक राहील इतकं खोल. जुन्या घरात डीपीसी नसते, तिचं काम ही रांग करते. प्लगचे बोर्ड आणि दारांच्या चौकटीही वर घ्याव्या लागतील. ठेकेदाराच्या अंदाजात हे आहे का, ते विचारा. बहुधा नसतं.

प्रश्न : कलिना गावठाणात तळमजला अधिक एक. गच्ची ४०० चौरस फूट, वरचा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा) वीस वर्षांचा, भेगा पडल्यात, गळतं. वरची खोली रात्री बारापर्यंत तापलेली असते. शेजाऱ्यांनी जुन्या कोब्यावरच नवा कोबा केला. तसंच करू का? — डि. को., कलिना

उत्तर : शेजाऱ्यांनी स्लॅबवर चौरस मीटरला दोनशे किलोंच्या वर बोजा वाढवला आहे. जाता-येता येण्यासारख्या गच्चीचा स्लॅब माणसं-सामानासाठी १५० किलो धरून डिझाइन करतात. ते वजन आता कायमचं कोब्याने खाल्लं. तुम्ही जुना कोबा काढा. छिन्नी-हातोड्याने, ब्रेकर लावून नाही. वीस वर्षांच्या स्लॅबला ब्रेकरच्या धक्क्याने खालून पोपडे सुटतात. कोबा निघाल्यावर स्लॅबची सळी कुठे गंजली आहे का ते खालून-वरून ठोकून बघा. दुरुस्ती तेव्हाच होऊ शकते.

मग १:१०० उताराचा पातळ थर, पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कोनात चार इंची वाटा (गोलसर भराव), त्यावर वॉटरप्रूफिंग पॅरापेटवर फूटभर चढवून खाचेत दाबलेलं. ७२ तास दोन इंच पाणी भरून ठेवा आणि खालून छत बघा. कोरडं असेल तरच पुढे. वॉटरप्रूफिंगच्या वर ५० मिमीचे एक्सपीएस शीट (घट्ट फोमचे उष्णतारोधक तक्ते), जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं जाड कापड), मग दोन इंच जाळीचं कॉंक्रीट, ४ फूट बाय ४ फुटांचे चौकोन, सांध्यांत सीलंट, आणि शेवटी पांढरं चायना मोझॅक. शीट वर असल्यामुळे खालचं वॉटरप्रूफिंग उन्हाने तापत-आकसत नाही आणि जास्त टिकतं. सगळं मिळून वजन जुन्या कोब्याएवढंच होतं.

दोन सावधगिऱ्या. शीट म्हणून पांढरा हलका थर्मोकोल खपवतात. तो पाणी पितो आणि ओला झाला की उष्णता अडवत नाही. एक्सपीएसची घनता ३२ किलो प्रति घनमीटरच्या आसपास असते, आणि तुकडा मोडला तर दाणे सुटत नाहीत. दुसरं, शीट अंथरल्या दिवशीच कॉंक्रीट करा. अवकाळी सर आली तर सगळे शीट तरंगतात.

पाण्याचे आउटलेट किमान दोन, ४ इंची. शिवाय पॅरापेटमधून गच्चीच्या वर तीन इंचांवर एक पन्हाळ. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला. तुमच्या गच्चीवर ते पाणी ३५,००० लिटर होतं. आउटलेट पानांनी तुंबलं आणि फूटभर पाणी साचलं तर स्लॅबवर चौरस मीटरला ३०५ किलोंचा बोजा, म्हणजे धरलेल्याच्या दुप्पट. पन्हाळीचा खर्च नगण्य आहे.

एवढा खर्च जमत नसेल तर भेगा खाचून भरा आणि पांढरा परावर्तक रंग दोन हात मारा. खोली नक्की उतरते. पण काजळी आणि शेवाळाने दोन-तीन पावसाळ्यांत तो काळा पडतो, परत मारावा लागतो.

प्रश्न : तळमजल्याच्या कोटा लादीवर कडेने पांढरी पूड येते. आम्लाने धुवायला सांगितलं आहे. — एक वाचक, माहीम

उत्तर : कोटा हा चुनखडीचा दगड आहे, आम्ल तो खातं. पॉलिश जाईल आणि पूड परत येईलच, कारण ती खालून येणाऱ्या पाण्याबरोबर चढणारा खार आहे. पाण्यानेही धुवू नका, विरघळून आत जातो आणि वाळल्यावर पुन्हा फुटतो. कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा आणि घराबाहेर टाका. दोन महिने असं करून पूड कमी होत गेली तर बांधकामातलाच शिल्लक खार होता. तेवढीच येत राहिली तर कडेच्या दोन लाद्या उचलून भिंतीलगत पाइप गळतोय का ते आधी पाहा.